निवडलेला उजेड आणि वाट्याला आलेला उजेड

कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडचे तरुण मला इतक्या वेळा विचारतात की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणेच बरे. या प्रश्नाच्या पोटात बहुधा दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, तो म्हणजे या नादावर पुढे चार पैसे मिळतील का. माझ्या मते दोन्ही प्रश्न शेवटी उजेडापाशी येऊन थांबतात. हौस म्हणून फोटो काढणारा माणूस आपला उजेड निवडू शकतो, तो आवडला नाही तर घरी परतू शकतो. पैसे घेऊन फोटो काढणाऱ्याला मात्र जो उजेड वाट्याला येईल त्यातच काम निभवावे लागते. हा फरक ध्यानात घेतला की कॅमेऱ्याचा प्रश्न बराच लहान होतो.

शिकण्यासाठी गेल्या दहा वर्षांत निघालेला, लेन्स बदलता येणारा कोणताही कॅमेरा पुरेसा आहे आणि तो वापरलेला मिळाला तर अधिकच उत्तम. पहिली लेन्स म्हणून सर्वत्र पन्नास मिलिमीटर, एफ/१.८ ची शिफारस केली जाते, परंतु लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती पंचाहत्तर ते ऐंशी मिलिमीटरसारखी वागते आणि आपल्याकडच्या जुन्या घरातल्या खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही देवघर चौकटीत मावत नाही. तेथे पस्तीस मिलिमीटरची लेन्स कितीतरी उपयोगी पडते. वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आत मारून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर किंमत कितीही कमी असो, सौदा सोडून द्यावा.

हे धागे म्हणजे बुरशी, आणि गोव्यात कॅमेऱ्याचा खरा शत्रू तीच. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा सहज ऐंशी टक्क्यांच्या वर राहतो, आणि लाकडी कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सवर बुरशीला हवे ते सर्व मिळते: अंधार, ओल आणि कोंडलेली हवा. एकदा ती काचेवरच्या लेपात रुजली की पुसून जाते ती केवळ वरची साय, खालचा लेप खाल्लेलाच राहतो. त्यासाठी महागडे कोरडे कपाट घेण्याची सुरुवातीला गरज नाही. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला म्हणजे झाले. त्याच्या फार खाली नेण्यात शहाणपण नाही. जेलचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरता येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे कॅमेरा वापरात ठेवणे, कारण पावसाळाभर डब्यात पडून राहिलेल्या लेन्सपेक्षा रोज बाहेर निघणारी लेन्स अधिक टिकते. वातानुकूलित गाडीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढला तर काचेवर वाफ धरते, म्हणून पोहोचल्यावर थोडा वेळ तो बॅगेतच राहू द्यावा.

आता उजेड. कॅमेऱ्यातला मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरून हिशेब करतो. त्यामुळे पणजीच्या चर्चची पांढरी दर्शनी बाजू चौकटभर घेतली की ती फोटोत मळकट उतरते, आणि चिऱ्याची ओली, काळपट भिंत भरून घेतली की ती उगाच फिकी पडते. पहिल्या वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, एका थांब्याने (स्टॉपने, म्हणजे दुप्पट) वाढवावे, दुसऱ्या वेळी तितकेच (म्हणजे निम्म्यावर) कमी करावे. हे पुस्तकात वाचून कळते, पण हाताला वळण लागण्यासाठी एकाच भिंतीसमोर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उभे राहावे लागते. नवशिक्याने समुद्रावरचा सूर्यास्त काही महिने बाजूला ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. तो कोणाच्याही मोबाइलवर चांगलाच येतो आणि त्यामुळे काढणाऱ्याला काही शिकवत नाही. त्याऐवजी आषाढ-श्रावणातल्या ढगाळ दुपारी माणसांचे चेहरे टिपावेत. आभाळच एक विशाल पडदा होते, डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत आणि कातडीचा रंग खरा उतरतो. गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांची प्रबुद्ध दासगुप्ता यांनी काढलेली कृष्णधवल छायाचित्रे जरूर पाहावीत आणि प्रत्येक फोटोत उजेड कोठून आला आहे, एवढेच शोधावे.

सरावासाठी चवथीच्या माटोळीसारखा, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या लाकडी चौकटीसारखा, विषय दुसरा नाही. सुपारीचे घोस, असोले नारळ, तोरिंजने, आंबाडे आणि रानातून आणलेली कितीतरी फळे वर काळोखात टांगलेली असतात, खाली समईची पिवळी ज्योत, बाजूला ट्यूबलाइट आणि मखराभोवती पळणारी रंगीत दिव्यांची माळ. समईचा उजेड साधारण एकोणीसशे केल्विनचा, तर पांढऱ्या ट्यूबचा साडेसहा हजारांच्या आसपास. दोघांना एकाच वेळी पांढरे दाखवणे कोणत्याही कॅमेऱ्याला शक्य नाही. म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून रंगीत माळ आणि ट्यूब दोन मिनिटे बंद करावी, दार उघडे ठेवावे, कॅमेरा तिपाईवर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवावा आणि रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ नोंदीत, फोटो घ्यावा, म्हणजे रंग नंतर सावकाश जुळवता येतात. दिवे बंद करणे शक्य नसेल तर शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर ठेवावे. आपली वीज पन्नास हर्ट्‌झची असल्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, आणि शटर याहून वेगवान ठेवले तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात.

पणजीतल्या फोंतेन्यांसारख्या जुन्या वस्तीत रंगीत भिंतींपुढे तासन्‌तास गर्दी करणाऱ्यांना तेथील रहिवासी कंटाळले आहेत, आणि त्यांचे काही चुकत नाही. आधी विचारावे, नाही म्हटले तर पुढे जावे. जुन्या गोव्यातील संरक्षित वास्तूंमध्ये तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ड्रोनचे नियम वेगळे आणि कडक आहेत. ते वाचल्याशिवाय तो उडवूच नये.

व्यवसायाची गोष्ट येथून सुरू होते. आपल्याकडची बरीच लग्ने देवस्थानांच्या सभागृहांत लागतात, मुहूर्त भर दुपारचा असतो, दारातून पांढरे ऊन आत येते आणि वधूच्या मागे नेमका तोच झोत असतो. छत उंच असल्याने फ्लॅश वर मारून उपयोग होत नाही, आणि कापडी मंडप लाल असेल तर परतून येणारा उजेडही लालच असतो. अक्षता पडण्याचा क्षण पुन्हा करून दाखवा असे भटजींना सांगता येत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ३२०० किंवा ६४०० पर्यंत नेण्याचा संकोच सोडावा, कारण थोडा दाणेदार फोटो कुटुंबाला चालतो, हललेला चालत नाही. एक बिघडले तरी फोटो वाचावेत म्हणून दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारा कॅमेरा घेण्याचे कारण हौसेच्या काळात उद्भवत नाही, येथे ते अनिवार्य आहे. स्वतःच्या नावावर काम घेण्याआधी एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराचा दुसरा हात म्हणून एक हंगाम काढावा. मानधन बेताचे मिळेल, पण गर्दीत वधूवरांपुढे कोणाच्याही डोळ्यांवर न येता उभे कसे राहायचे ते दुसरीकडे शिकता येत नाही.

पैशांची बोलणी आपल्याकडे ओळखीतून आणि तोंडी होतात, आणि नंतर दोन्ही बाजूंची पंचाईत होते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी फोटो काढवून घेतला तर, उलट करार नसल्यास, त्या फोटोचा पहिला हक्कदार पैसे देणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणजे लग्नातला आवडता फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरण्यासाठीही लेखी संमती हवी. म्हणून मराठीत का होईना, एका पानाचा कागद करावा. त्यात तारीख, किती तास, आगाऊ रक्कम, तयार फोटो कधी मिळणार, रॉ फाइल्स मिळणार की नाही, आणि यजमानांची हरकत नसेल तर कोणते फोटो छायाचित्रकार स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकतो, एवढे स्पष्ट लिहावे. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. त्याआधीही प्रत्येक कामाची पावती द्यावी, कारण बँकेकडे कॅमेऱ्यासाठी कर्ज मागताना त्याच पावत्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून दाखवता येतात.