दोन सेंटांचे मत आणि गाठीचे दोन पैसे

यंदा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी मी फिलाडेल्फियाहून सोलापूरला घरी आले होते. एका संध्याकाळी माझी कार्यालयीन बैठक फोनवर चालू असताना काका शेजारी बसून ऐकत होते, आणि ती संपताच त्यांनी विचारले, "तो माणूस बोलायच्या आधी ‘टू सेंट्स’ म्हणाला, ते काय असतंय गं?"

कोणी विचारलेले नसताना मत द्यायचे असेल, तर अमेरिकी माणूस ‘हे माझे दोन सेंट’ असे म्हणतो; माझ्या मताचे मोल थोडके आहे, पटले तर घ्यावे, असा त्याचा भाव असतो. काकांना ते पटेना. त्यांचे आयुष्य चादरींच्या यंत्रमागावर गेले आहे आणि आमच्या घरात ‘दोन पैसे’ म्हटले की ते गाठीला असावेत, मागे पडावेत, असेच पुढचे शब्द येतात. आजी ते पदराच्या टोकाला बांधून ठेवीत असे. मराठीतले दोन पैसे थोडे असले तरी कष्टाचे असतात, त्यामुळे शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले तर अर्थच उलटतो.

या वाक्प्रचाराच्या उगमाबद्दल एकमत नाही. ‘तुझ्या मनातल्या विचारासाठी एक पेनी देतो’ ही इंग्रजी म्हण जॉन हेवूड यांच्या 1546 च्या म्हणीसंग्रहात आहे. विचाराला एक पेनी (अमेरिकेत एका सेंटाच्या नाण्यालाही पेनीच म्हणतात) मिळत असताना बोलणारा स्वतःहून दोन टाकतो, असे काही जण सांगतात. काही जण पत्त्यांच्या डावात बसण्यापूर्वी टाकायच्या किरकोळ रकमेकडे बोट दाखवतात, तर काही जण 1883 पासून अमेरिकेत साध्या पत्राला लागणाऱ्या दोन सेंटांच्या टपाल हशिलाकडे. बायबलमधल्या गरीब विधवेने मंदिरात वाहिलेल्या दोन नाण्यांची कथाही सांगितली जाते, परंतु ती मला जुळत नाही, कारण त्या बाईजवळ तेवढेच होते आणि तिने सर्वस्व दिले होते. मला पत्त्यांचे स्पष्टीकरण जवळचे वाटते: इंग्रजीत हे दोन सेंट ‘टाकले’ जातात, आणि ते टाकल्यावर डावात बसण्याचा हक्क मिळतो.

काकांनी यावर विणकरांच्या बैठकीतले वाक्य सांगितले: "माझ्या अल्पमतीप्रमाणे बोलतो." अमेरिकी माणूस मताची किंमत उतरवतो, आपण स्वतःची मती लहान करतो, नम्रता दोन्हीकडे आहे, पण ती वेगवेगळ्या जागी ठेवलेली आहे. उगाच मध्ये बोलणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘पिंक टाकणे’ आहे, पण ते दुसऱ्याविषयी म्हणायचे.

माझ्या पाकिटात सेंटाची दोन नाणी होती, ती मी काकांच्या हातावर ठेवली. एक सेंट पाडायला साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येऊ लागल्यामुळे चलनासाठीचे शेवटचे नाणे 12 नोव्हेंबर 2025 रोजी आमच्या फिलाडेल्फियाच्याच टांकसाळीत पाडले गेले, हेही सांगितले. मग आता ते लोक काय म्हणतील, असे काकांनी विचारले. मला वाटते, हेच म्हणतील. कवडी व्यवहारातून जाऊन पिढ्या लोटल्या, तरी बाजारात चादरीला भाव मिळाला नाही की काका आजही ‘कवडीमोल’ असेच म्हणतात.