आयर्विनचे २२ फूट

रविवार, रात्री

सकाळी साडेसहाला सांगलीच्या आयर्विन पुलावर गेलो तेव्हा कृष्णेचं पाणी २२ फुटांवर. दहाला २२ फूट ३ इंच. म्हणजे नदी जागची हललेली नाही. वहीत मांडलं, खांबावरच्या आकड्यांचा व्हिडिओ काढला, नेहमीसारखा ग्रुपवर टाकला आणि झेरॉक्सच्या दुकानाचं शटर वर केलं. पावसाळ्यात असा दिवस मिळाला की बरं वाटतं.

अकराला पुण्याहून ताईचा फोन. "दादा, सामान माळ्यावर चढवलंस का? आईला मिरजेला तरी ने आधी." मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे टीव्ही लाव.

लावला. लाल पट्टी : 'सांगलीला महापुराचा विळखा'. खाली बोटी चाललेल्या, माणसं छातीभर पाण्यात. डावीकडच्या दुकानाची पाटी बघितली आणि कळलं, हे २०१९ चं आहे. ते दुकान त्या पुरानंतर उघडलंच नाही. आणि शेजारच्या चौकटीत माझा आजचा सकाळचा व्हिडिओ! आवाज काढून टाकलेला. वरच्या कोपऱ्यात त्यांचा लोगो, तोही बरोब्बर खांबावरच्या २२ वर बसलेला.

त्या चॅनलला इथून बातम्या देणाऱ्या पोरानं सकाळी विचारलं होतं, "काका, व्हिडिओ घेऊ का? सौजन्य म्हणून नाव टाकतो." नाव काही दिसलं नाही. बायकोला म्हणालो, नावाचं काय एवढं. पण खरं सांगायचं तर अर्धा तास पट्टीकडेच डोळे लावून बसलो होतो.

नावाचं जाऊ दे. निवेदिका ठासून सांगत होती, ४३ फुटांवर धोका पातळी आहे. अहो, ४३ कोल्हापूरची! पंचगंगेची, राजाराम बंधाऱ्यावरची. तिथं इशारा ३९ ला. आमच्याकडे आयर्विनवर इशारा ४० आणि धोका ४५. मुंबईत बसून 'कोल्हापूर-सांगली' असं एका दमात म्हणायची सवय लागली की दोन नद्यांची एकच नदी होते. पुढची पट्टी : 'कोयनेतून विसर्ग सुरू'. हे खोटं नाही. पण पायथ्याच्या वीजगृहातलं एक युनिट चालू आहे, १०५० क्युसेक. २०१९ ला सहाही दरवाजे उघडून लाखाच्या वर सोडलं होतं. आकडा सांगितला असता तर पट्टीचा जीवच गेला असता. आणि वारणेचं नाव नाही. हरिपूरच्या संगमावर वारणा तट्ट भरून आली की आमची कृष्णा पुढं सरकत नाही, मागं फुगते. सांगलीचं पाणी कळायला नुसती कोयना बघून भागत नाही, हे इथलं शाळेतलं पोरही सांगेल.

दुपारी सूर्यवंशी प्लॉटमधल्या मावशी दुकानात आल्या. सकाळी टीव्ही बघून मुलानं टेम्पो बोलावला, गाद्या, तिजोरी, गॅस सगळं भरून पाहुण्यांकडे नेलं. पाणी नाही म्हटल्यावर दुपारी सगळं परत. टेम्पोवाल्यानं दोन्ही खेपांचं भाडं घेतलं. मावशी म्हणाल्या, "आता तू सांगितलंस तरी मी हलणार नाही बघ." इशारा पातळीच्या आतच त्यांच्या दारात पाणी येतं. २०१९ ला लोक २००५ च्या भिंतीवरच्या खुणेवर विसंबून बसले, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. मावशींचं ते वाक्य दिवसभर कानात आहे.

संध्याकाळी त्या पोराला फोन केला. चिडूनच. तो बिचारा म्हणाला, "काका, मी २२ च लिहून पाठवलं होतं. पट्टी डेस्कवर करतात." त्यालाही पगार नाही, बातमी लागली तर पैसे, तेही कधी मिळतील ते मिळतील. मी फुकट, तो जवळजवळ फुकट. ओरडू कुणावर? मग आठवलं, मागं उन्हाळ्यात नदीत मेलेल्या माशांचा खच पडला होता तेव्हा घाटावर जाऊन, नाकाला रुमाल लावून याच पोराला व्हिडिओ काढून दिला होता. तेव्हा वरून निरोप आला होता, विषय फारच स्थानिक आहे.

ताईला पुन्हा फोन करून सांगितलं, आई मजेत आहे, पोहे खातेय. तिला ते खरं वाटलं नाही. आईला फोनवर दिलं तेव्हा पटलं.

उद्यापासून व्हिडिओ काढताना आकडा चौकटीच्या मधोमध घ्यायचा. आणि तोंडानं मोठ्यानं म्हणायचा. आवाज काढतील म्हणा.

आत्ता जेवून पुन्हा पुलावर जाऊन आलो. दहाची नोंद : २१ फूट ११ इंच.