भरतीचं कारण: वीकनेस

डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेस अडकलं की बिलिंग काउंटर, वॉर्डची सिस्टर आणि पेशंटचे नातेवाईक असे सगळेच रेकॉर्ड रूमचं दार ठोठावतात. मी कुडाळात एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरने लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड लावते. त्याआधी ऐरोलीत बसून अमेरिकेतल्या पेशंटचे चार्ट कोड करायचे. तिकडे फाइल पाठवणारा डॉक्टर कधी दिसायचा नाही. इकडे तो दोन खोल्या पलीकडे असतो आणि त्याच्या चहाच्या वेळेत आपण गेलेलं त्याला आवडत नाही.

त्या दिवशी फाइल होती मालवणच्या एका मावशींची (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). वय पंचेचाळिशीच्या आसपास, बंदरावर लिलावातली मासळी घेऊन निवडून विकायचा धंदा. लेक पुण्याला नोकरीला, तिच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईचं नाव. टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणाऱ्या संस्थेचा, प्रश्न एका ओळीचा होता: जनरल वीकनेससाठी भरती आणि दोन पिशव्या रक्त कशासाठी, खुलासा करा.

खरं सांगायचं तर टीपीएच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं. केसपेपरवर निदानाच्या जागी 'जनरल वीकनेस', डिस्चार्ज कार्डावरही तेच. आयसीडी-१० या आजारांच्या कोडच्या जागतिक यादीत याला आर ५३ लागतो, म्हणजे ग्लानी आणि थकवा. 'आर'चं हे सगळं प्रकरण लक्षणांचं. निदान पक्कं झालं नसेल तेव्हा ते वापरायचं. निदान सापडलं आणि लक्षण त्याचंच असेल तर लक्षणाचा कोड वेगळा लावायचा नाही. थकवा थायरॉइडचा असतो, साखरेचा असतो, टीबीचा असतो, पावसाळ्यात लेप्टो होऊन गेल्यावर महिनाभर रेंगाळतो, मन खचल्यावरही येतो. नुसता आर ५३ पाहून विमा कंपनीला यातलं काहीच कळत नाही.

आणि फाइलमध्ये तर सगळं होतं! हिमोग्लोबिन ५.८. बायकांमध्ये गरोदरपण नसताना १२ च्या खाली अ‍ॅनिमिया धरतात आणि ८ च्या खाली तीव्र. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ४, दोन्ही कमी; सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ. नर्सिंग शीटवर सिस्टरने मावशींचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं: 'जिनो चढूक जमणा नाय. आठ महिने झाले. पाळी धा धा दिवस.' त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ: 'मासळीच्या टपातला बर्फ खाते.'

ती ओळ मी दोनदा वाचली. लोह फार कमी झालं की काहींना माती, कच्चे तांदूळ, बर्फ खायची अनावर इच्छा होते. मावशींच्या हाताशी दिवसभर बर्फच. तोही मासळीवर टाकायचा, खायचा नव्हे. आधीच्या ओपीडीच्या चिठ्ठ्या फाइलला जोडल्या होत्या. प्रत्येकीवर 'वीकनेस', बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम. बर्फाबद्दल तिथे चकार शब्द नाही. विचारलं कुणी असेल तर ना.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढं दिसतंय तर लाव अ‍ॅनिमियाचा कोड आणि मोकळी हो. ते करता येत नाही. लॅबच्या आकड्यावरून निदान ठरवणं हे कोडरचं काम नाही. डॉक्टरने ते शब्दांत लिहिलं पाहिजे. आम्ही विचारू शकतो, त्याला क्वेरी म्हणतात. त्यातही 'अ‍ॅनिमिया आहे ना, लिहा' असं सुचवायचं नाही. मी लिहिलं: हिमोग्लोबिन, एमसीव्ही, फेरिटिन, सोनोग्राफी, आठ महिन्यांचा इतिहास, दोन पिशव्या रक्त, यावरून भरतीमागचं निदान आणि त्याचं कारण सांगता येत असेल तर नोंदवावे, येत नसेल तर तसे लिहावे.

डॉक्टर वैतागले. "रक्त काय हौस म्हणून लावलं? कोणालाही कळेल." मी म्हटलं, "सर, कळतं सगळ्यांना, पण लिहिलेलं नाही." त्यांनी पेन काढून 'वीकनेस'वर काट मारायला घेतली. तेवढ्यात फाइल ओढून घेतली मी. क्लेम गेल्यावर जुन्या नोंदीत खाडाखोड दिसली की संशय आणखी वाढतो. खाली नवीन नोंद करायची, तारीख, वेळ आणि सही घालून. त्यांनी केली: फायब्रॉइडमुळे दीर्घकाळ जास्त रक्तस्राव, त्यातून लोहाची कमतरता, तीव्र अ‍ॅनिमिया. झालं, अ‍ॅनिमियाला डी ५०.० आणि फायब्रॉइडला डी २५.९. आर ५३ गळून पडला.

तेवढ्यात लेक आत आली. हळूच म्हणाली, "ताई, आठ महिन्यांचं नका ना लिहू. जुनं दुखणं म्हणून नाकारतील." तिची भीती खोटी नव्हती. वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारासाठी थांबायला लागतं. एप्रिल २०२४ पासून ती मुदत जास्तीत जास्त ३६ महिने आहे. मी तिला पॉलिसी मेलवर मागवायला सांगितलं. तिच्या ग्रुप पॉलिसीत जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलेला होता. नसता तरी आठ महिने खोडता आले नसते, हे तिला तोंडावर सांगायला जड गेलं, पण सांगितलं. नर्सिंग शीटवर एक आणि डिस्चार्ज कार्डावर दुसरं असलं की नाकारायला त्यांना आयतंच कारण मिळतं.

संध्याकाळी मंजुरी आली, हातमोजे आणि तत्सम किरकोळ रकमा कापून. मावशी लोहाच्या गोळ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन घरी गेल्या.

नंतर मी भरतीच्या फॉर्मवर थकव्यासाठी तीन रकाने मागितले: कधीपासून, कुठलं काम जमेनासं झालं, रक्तस्राव किंवा ताप आहे का. डॉक्टर म्हणाले, ओपीडीत मरायला वेळ नाही. शेवटी ठरलं की सिस्टरने भरायचे, डॉक्टरने वाचून सही करायची. पहिल्याच आठवड्यात एक फॉर्म आला, तिन्ही रकान्यांत 'वीकनेस'. खाली डॉक्टरची सही. मी तो वॉर्डला परत पाठवला.