कोल्हापूर–तिरुपती विमानाने: अंतर ठरलेलं, वेळ मात्र नाही

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून तिरुपतीच्या रेणिगुंटा विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे 655 किलोमीटर. हा आकडा घरबसल्या कागदावर पडताळता येतो. आपला विमानतळ 16.66 अक्षांश, 74.29 रेखांशावर आहे, तिरुपतीचा 13.63 आणि 79.54 वर. अक्षांशांतला फरक 3.03 अंश, अंशाला 111 किलोमीटर धरले की 336. रेखांशांतला फरक 5.25 अंश. इथंच गणित हमखास चुकतं, कारण रेखांश उत्तरेकडे सरकू तसे एकमेकांच्या जवळ येतात. 15 अंशांच्या आसपास रेखांशाचा एक अंश 107 किलोमीटरच भरतो, म्हणून 562. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: 655. दोन्हीकडे 111 धरलेत तर 673 येतील.

आता वेळ. एटीआर 72 हे पंख्यांचं विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे 79 मिनिटं. एम्ब्रेअर 175 हे जेट ताशी 800 धरलं तर 49 मिनिटं. यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि थांब्यावर लागणं यांची 20 ते 25 मिनिटं मिळवा. म्हणजे एटीआरला सुमारे पावणेदोन तास, जेटला सव्वा तास. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि तिकडे जागेवर थांबलं की संपते. म्हणून तिकीट काढताना विमान कोणतं आहे ते आधी बघावं.

वाऱ्याचा फटकाही संथ विमानाला जास्त. समोरून ताशी 50 किलोमीटरचा वारा असेल तर एटीआरला 79 च्या जागी 87 मिनिटं लागतात, पाठीमागून असेल तर 71. सोळा मिनिटांचा फरक! जेटला तोच फरक सहा मिनिटांचा.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. आपली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. वारा पश्चिमेचा असला की पूर्वेला जाणारं विमानही आधी पश्चिमेकडे उडून मग वळतं. खाली ढग उतरले तर येणाऱ्या विमानाला वर घिरट्या घालाव्या लागतात. एका घिरटीला सुमारे चार मिनिटं. तेच विमान परत न्यायचं असल्यानं सुटण्याची वेळही पुढं ढकलली जाते.

थेट विमान आहे की नाही ते तारखेनुसार तपासा. वेळापत्रक मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं. हैदराबादमार्गे गेलात तर 445 अधिक 417, म्हणजे 862 किलोमीटर. अंतर दोनशेनं वाढतं, पण खरा वेळ हैदराबादला थांबण्यात जातो. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढचं तिकीट सहसा बुडतं.

जमिनीवरचा वेळही धरा. चेक-इन काउंटर साधारण सुटण्याआधी 60 मिनिटं बंद होतो, म्हणून उजळाईवाडीला दोन तास आधी पोचावं. उतरल्यावर सामान घेऊन गाडी पकडायला अर्धा तास, आणि तिरुमला डोंगरावर असल्यानं पुढं घाट. दर्शनाची वेळ आधी ठरली असेल तर विमान उतरणं आणि दर्शन यांत किमान चार तास ठेवा. पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच पोचलेलं बरं.