देऊन टाकायचं होतं, पण आधी मिळवायचं होतं

ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं नसलेल्याला एक द्यावा, असं बाप्तिस्मा करणारा योहान सांगून गेला. त्याच्या काळी अंगरखा द्यायला नोटरी लागत नव्हती. आम्हाला लागली, तीही पप्पांचे जुने शेअर्स सोडवायला, म्हणून हे लिहायला बसले.

पप्पा गेल्यानंतरच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, आईनं ठरवलं की घरातलं जास्तीचं सगळं काढायचं. आमचं नगरचं घर, पप्पा मिशनच्या शाळेत मास्तर, त्यामुळे 'जास्तीचं' म्हणजे काही फार नव्हतं. कोट, पुस्तकं, पितळेची भांडी, दिवाण हे सगळं कधी गेलं कळलंही नाही. चांगली भांडी आईनं हंगाम सणासाठी, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानून चर्चला वस्तू देतात त्या सणासाठी, ठेवली होती. उपासनेनंतर चर्चच्या आवारात लिलाव झाला तेव्हा पप्पांच्या घंगाळाला भोपळ्यांपेक्षा कमी बोली लागली. आई त्यावर अजून हसते.

अडकलो ते एका फाइलीपाशी. तिच्यात एका कंपनीचे नव्वदच्या दशकातले शेअर्स होते, छापील सर्टिफिकेटं. संपत्ती खाणारे कसर आणि जंग असं बायबलमध्ये म्हणतात, ते दोन्ही तिथेच भेटले: कडा खाल्लेल्या, टाचण्या गंजलेल्या. लाभांशाचे कागद जुन्या क्वार्टरच्या पत्त्यावर जात राहिले आणि ते कुणी वटवलेच नाहीत. सलग ७ वर्षं लाभांश घेतला नाही की शेअर्ससुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफकडे, जातात. आमचेही गेले होते. आईला ते विकून येणारे पैसे द्यायचे होते. आधी ते 'आमचे' आहेत हे सिद्ध करा, कंपनीवाले म्हणाले.

क्रम असा असतो. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांची नोंदवही सांभाळणाऱ्या एजन्सीकडे, वारस म्हणून कागद द्यायचे. ते पटले की हक्काचं पत्र मिळतं. मग आयईपीएफ-५ हा ऑनलाइन फॉर्म भरून त्याची प्रत कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे असे दावे बघायला नेमलेल्या माणसाकडे, पाठवायची, कंपनी पडताळणीचा अहवाल देते आणि शेअर्स डिमॅटमध्ये, म्हणजे आपल्या ऑनलाइन शेअर खात्यात, येतात. वाचायला सोपं आहे. आम्ही पहिल्याच पायरीवर बसून राहिलो.

पप्पांचं नाव सर्टिफिकेटवर इंग्रजी 'जे'नं सुरू होतं, आधारवर 'वाय'नं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारकुनाच्या मनाला येईल तसं. आपल्या ख्रिस्ती लोकांत हे घरोघरी आहे. बायबलमधली नावं मिशनरी एका तऱ्हेनं लिहायचे, शाळा दुसऱ्या तऱ्हेनं. रजिस्ट्रारनं आक्षेप काढला: ही एकच व्यक्ती कशावरून? चर्चच्या नोंदवहीतून पाळकसाहेबांच्या सहीशिक्क्यासह बाप्तिस्म्याचा दाखला काढून पाठवला. उत्तर आलं, हा कागद आमच्या यादीत नाही. प्रतिज्ञापत्र पाठवलं. उत्तर आलं, नावबदल राजपत्रात प्रसिद्ध करा. गेलेल्या माणसानं नाव कसं बदलावं, हे फोनवरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सिस्टिममध्ये तसं येतंय."

सगळ्यात संताप कशाचा, तर आक्षेप एकेक करून यायचे. नाव झालं की सही, सही झाली की भावाच्या ना-हरकतपत्रावरची तारीख. एकदाच सगळं सांगितलं असतं तर त्यांचं काय जात होतं? मध्ये तर कोर्टाचा वारसा दाखलाच आणा म्हणाले. छापील शेअर्सची किंमत एका कंपनीत ५ लाखांपर्यंत असेल तर प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकी वारसांची ना-हरकत यावर काम होतं, हे सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०२२ च्या परिपत्रकात आहे. ते छापून जोडलं तेव्हा दाखल्याचा विषय बंद झाला. नियम त्यांना ठाऊक नसतो असं नाही, आपल्याला ठाऊक नसेल असं ते धरून चालतात.

त्या दिवसांत मला ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा हेवा वाटायचा. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडली. शेअर्स नव्हते बिचाऱ्यांकडे. आई मात्र शांत. "अगं, आपण देवाचे कारभारी. मालकाचं काम रांगेतच व्हायचं," म्हणायची. फोन मात्र मलाच करावे लागायचे.

शेवटी काम झालं ते दोन गोष्टींनी. पप्पांच्या सर्व्हिस बुकात नावाची दोन्ही स्पेलिंगं एकाच पानावर सापडली. पेन्शनच्या वेळी कुणा शहाण्या हेडक्लार्कनं नोंद करून ठेवली होती, देव त्याचं भलं करो. आणि सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर मी तक्रार टाकली. तिथे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. इतके महिने जे 'सिस्टिममध्ये येत' नव्हतं ते मुदतीच्या आत आलं. तक्रार आधीच टाका. पुढचं सगळं त्या मानानं सरळ झालं.

वारसाहक्काबद्दल आमच्या चर्चच्या मंडळीतच गैरसमज फार आहेत. मृत्युपत्र नसेल तर भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे मुलंबाळं असताना ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलगा-मुलगी सारखंच. नॉमिनी हा मालक नसतो. आणखी एक: ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामासाठी मृत्युपत्रानं द्यायचं तर ते मरणाआधी किमान वर्षभर केलेलं असावं, अशी जाचक अट पुतण्या-भाचे वगैरे जवळचे नातेवाईक मागे असणाऱ्यांना होती. कलम ११८. सर्वोच्च न्यायालयानं ते २००३ मध्ये रद्द केलं, तरी ज्येष्ठ मंडळी अजून त्याची धास्ती घेतात.

आईनं आता स्वतःचं मृत्युपत्र साध्या कागदावर लिहिलंय, दोन साक्षीदारांसह. ज्याला काही द्यायचंय त्याला किंवा त्याच्या नवराबायकोला साक्षीदार करू नका, त्याला दिलेलं बाद होतं. आमच्या शेजारच्या काकू सही करायला हौसेनं आल्या होत्या आणि त्यांनाच शिलाई मशीन द्यायचं होतं. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

आणि हो, गेलेल्या माणसाचं पॅन कार्ड घाईनं परत करू नका. सगळं आटपेपर्यंत प्रत्येक जण तेच मागतो.