पुतळ्याखाली नाव कुठंय?

"बाई, पुतळ्याखाली तुमचं नाव कुठंय?" माझे जुने विद्यार्थी विचारायचे, आता त्यांची मुलं विचारतात. कोनशिलेवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, नगरसेवक सगळे आहेत. शिल्पकार, म्हणजे मी, नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

ठाण्यातल्या एका शाळेत मी २३ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांचं स्मरणचित्र, स्थिरचित्र तपासायचं आणि शाळा सुटली की ट्रान्स-हार्बरने रबाळे. तिथे पुतळे घडवायची भाड्याची शेड होती. नोकरीने माझी कला मारली असं हळहळणारे बरेच भेटतात. पुतळ्याचे पैसे हप्त्याने येतात आणि रखडतात, हे त्यांना ठाऊक नसतं. माझी माती पगारावर ओली राहिली. अक्षरशः. शाडूवर ओली फडकी घालावी लागतात. मे महिन्यात एक दिवस चुकला की कानामागे भेग.

या पुतळ्यासाठी मला साहेबांचा, म्हणजे ज्यांचा पुतळा त्यांचा, एकच फोटो मिळाला होता, तोही समोरून, पासपोर्टचा. डोक्याची मागची बाजू कुणाच्याच आठवणीत नव्हती, घरच्यांच्यासुद्धा. शेवटी त्यांच्या धाकट्या भावाला स्टुलावर पाठमोरं बसवलं आणि मान, कानामागचा उतार त्याच्यावरून घेतला.

सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मंजुरी लागते. पण त्याआधी कार्यकर्त्यांची मंजुरी असते, ती जास्त अवघड. "साहेब एवढे गंभीर नव्हते." "डोकं मोठं झालंय बाई." डोकं मोठंच केलं होतं. ९ फुटी पुतळा १० फुटी चौथऱ्यावर चढला की खालून बघणाऱ्याला आधी हनुवटी दिसते आणि कपाळ आक्रसतं. म्हणून डोकं थोडं मोठं आणि किंचित पुढे झुकलेलं ठेवायचं. समजावून पटेना. मग दहा-बारा जणांना, पांढऱ्या कपड्यांसकट, शेडच्या जमिनीवर मांडी घालून बसवलं आणि वर बघायला लावलं. एकजण म्हणाला, "आता साहेब दिसले."

पुढचं भराभर सांगते. मातीवरून प्लास्टरचा साचा, साच्यातून मेण, मेण वितळवून त्या जागी अकराशे अंशांच्या वर तापलेलं ब्राँझ. साचा काढताना माती मोडते. एवढे महिने जपलेली ती माती घमेल्यात भरताना मी शेडमध्ये थांबत नाही, चहाला जाते.

उद्घाटनाला मी बंदोबस्ताच्या दोरीबाहेर उभी होते. कोनशिलेचं विचारलं तर उत्तर आलं, "दगडात जागाच उरली नाही हो." राग आला, बरेच दिवस राहिला. वर्गात मी गणपतराव म्हात्र्यांची १८९६चं 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प शिकवायचे, पुण्यातला १९२८चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा विनायकराव करमरकरांचा, हे पाठ करून घ्यायचे. पोरं परीक्षेत बरोबर लिहायची. त्यांच्याच बाईंचं नाव मात्र शाळेपासून दहा मिनिटांवरच्या चौकात नव्हतं. ते असायला हवं होतं, यात मला नम्रपणा दाखवायचा नाही.

पण नाव आहे. डाव्या चपलेच्या टाचेमागे, मेण असतानाच सुईने कोरलेली दोन अक्षरं आणि साल. खालून कुणाला दिसत नाही. जयंतीच्या आदल्या दिवशी शिडी लावून पुतळा धुणाऱ्यालाच दिसेल.

गेल्या वर्षी तसा एकाचा फोन आला. माझाच विद्यार्थी, आता पालिकेत कंत्राटावर. "बाई, कबुतरांची घाण काढताना तुमची सही सापडली! पण साल चुकलंय. खालच्या दगडावर दोन वर्षं पुढचं आहे."

म्हटलं, माझं बरोबर आहे रे. पाहुण्यांची तारीख मिळेना, म्हणून पुतळा दोन वर्षं ताडपत्रीत उभा होता.