नाव की नातं

सिटी डेस्कवर रात्री साडेअकरानंतर जे चालतं ते बाहेरच्या माणसाला दाखवलं तर तो पेपर घेणंच बंद करेल. बाहेरगावची डाक एडिशन गेलेली, इंदूरचं पान उघडं, आणि क्राईमवाला नेमका तेव्हाच कॉपी टाकतो. त्या रात्रीची कॉपी पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या केसची होती. (पुढचं सांगताना दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलल्यात, कुठल्या ते विचारू नका.)

मी हाक मारली तर रिपोर्टर तिकडूनच म्हणतो, "भिया, नाम तो लिखा ही नी है." खरंच नव्हतं. फक्त शाळा होती, नववी होती, देवळामागची गल्ली, वडिलांची पिठाची गिरणी, आणि "इकलौती बेटी". आमच्याकडे वर्षानुवर्षं क्राईम करणाऱ्यांनाही वाटतं की कायदा म्हणजे नाव आणि फोटो, बास. पॉक्सोचं कलम २३ उघडून बघायचं कोणाला सुचत नाही. त्यात पत्ता, घरच्यांची माहिती, शाळा, मोहल्ला आणि ज्यावरून ओळख पटेल असं काहीही, सगळं येतं. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष, आणि पेपरचा मालकही जबाबदार. २०१८ साली कठुआच्या केसमधे मुलीची ओळख उघड केली म्हणून दिल्ली हायकोर्टानं मीडिया हाउसेसना दहा-दहा लाख भरायला लावले होते, तेव्हा आठवडाभर सगळे शहाणे झाले होते.

कापायला बसलो. शाळा गेली, इयत्ता गेली, देऊळ गेलं, गिरणी गेली. एफआयआरमधली तारीख ठेवली पण "शाळेतून येताना" काढलं, कारण वेळेवरूनही कळतं. उरला आरोपी. त्याचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, मुलीचा मौसा. दोन्ही छापलं तर मुलीचं नाव छापल्यासारखंच. मी नातं काढलं, नाव ठेवलं, कारण असल्या माणसाचं नाव शहराला कळायलाच हवं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. एक वाजता पान सोडलं. खोटं कशाला बोलू, स्वतःवर खूश होतो, सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला.

सकाळी अकराला डेस्कवर फोन. मुलीची आई. आधी हिंदीत बोलत होती, मी आडनाव सांगितलं तशी मराठीत आली.

"भाऊ, तुम्ही आपल्यातलेच ना? मग सांगा, तुमच्या पेपरात त्याचं नाव आहे, दुसऱ्यात मावसा आहे. आमच्या गल्लीत दोन्ही पेपर येतात."

मी दुसरा पेपर काढला. तिकडच्या डेस्कनं माझ्याइतकीच काळजी घेतली होती, फक्त उलटी, नाव काढून नातं ठेवलेलं. दोन्ही कॉप्या आपापल्या जागी स्वच्छ. पोह्याच्या गाडीवर दोन्ही शेजारी-शेजारी पसरलेले असतात, जोडायला किती वेळ लागतो? मी "ताई, माफ करा" एवढंच म्हणालो, आणि त्या काही न बोलता बराच वेळ लाइनवर होत्या.

आमच्या वकिलांना विचारलं तर म्हणाले, आपल्यावर काही येत नाही, निवांत राहा. हेच वकीलसाहेब दोन आठवडे आधी एका बिल्डरची नोटीस आली म्हणून नाल्यावरच्या बांधकामाची बातमी पानावरून काढून टाका म्हणत होते, कागद आमच्याकडे सगळे पक्के असताना! आणि निघाली हो ती, एका फोनमधे. पुण्याच्या सकाळनं १९६१ साली सुप्रीम कोर्टात सरकारला हरवलं होतं, किमतीवरून पानं किती ते सरकार ठरवणार होतं म्हणून. धंद्यावर जनहिताच्या नावानं बंधनं घालता येतात, बोलण्यावर नाही, तिथे घटनेच्या कलम १९(२)मधल्या कारणांपैकीच एखादं दाखवावं लागतं, असं कोर्टानं सांगितलं. आम्ही बिल्डरच्या लेटरहेडवर आडवे होतो आणि एका पोरीची शाळा झाकायची म्हटलं की आम्हाला अभिव्यक्ती स्वातंत्र्य आठवतं. कलम २३चा जाच मला कधीच झाला नाही. मला राग आहे तो मी ते एकट्यानं पाळलं याचा.

तेव्हापासून अशी कॉपी आली की पान सोडायच्या आधी मी दुसऱ्या पेपरच्या नाइट डेस्कला फोन करतो. संपादकांना माहीत नाही, कळलं तर खपणार नाही, आपली एक्सक्लुझिव्ह समोरच्याला सांगतो म्हणून. पहिल्यांदा तिकडचा माणूस हसला, मग त्यालाही पटलं. गेल्या आठवड्यात एक आली, त्यात काका होता. मी विचारलं, तुम्ही काय काढताय?

"नाम काट रहे हैं भिया, रिश्ता रखा है."

मग मीही नाव काढलं. रिपोर्टर अजून माझ्याशी बोलत नाही, म्हणतो आरोपीला वाचवलंत. वाचवलंच की थोडं.